शांत झोप लागली

मानसोपचार वॉर्डातल्या माझ्या पहिल्या नाईटच्या नोट्स मला अजून पाठ आहेत, कारण त्या दोनच वाक्यांच्या होत्या. 'रुग्णास रात्रभर शांत झोप लागली. कोणतीही तक्रार नाही.' खाली सही, वेळ सकाळी ६.

सहा वाजून वीस मिनिटांनी त्यांचंच बीपी घ्यायला गेले. पन्नाशीचे गृहस्थ, चार दिवसांपूर्वी तीव्र नैराश्यामुळे दाखल झालेले. पट्टा बांधून घेता घेता म्हणाले, "सिस्टर, टॉर्चचे सेल बदला. तीननंतर उजेड पिवळा पडला होता."

माझ्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत त्यांचं पुढचं वाक्य आलं, "बाकी तुम्ही वेळेच्या पक्क्या. बरोबर अर्ध्या तासाने येता. मिनिट इकडेतिकडे नाही."

आणि मी खूश झाले! सर्जिकल वॉर्डातून बदली होऊन आले होते. वेळ पाळणं म्हणजे तिथे निम्मं काम. हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवताना, मी हे कौतुक म्हणून सांगितलं, तर इन्चार्ज सिस्टरांचा चेहराच उतरला. त्यांनी केसपेपर माझ्याकडे सरकवला.

"खोडू नकोस. आडवी एक रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. सही कर, वेळ टाक. आणि आता पाहिलंस तेवढंच लिही. झोप पाहिलीस तू?"

"डोळे मिटलेले होते."

"मग तेच लिही."

'दर राऊंडला डोळे मिटलेले दिसले. श्वास नियमित. सकाळी सांगितले की रात्रभर जागे होते.' या वाक्याने त्या दिवशी डॉक्टरांचा अख्खा बेत बदलला. आधीचं तसंच राहिलं असतं, तर औषध लागू पडतंय असा समज झाला असता. डॉक्टर दिवसाकाठी दहा-पंधरा मिनिटं भेटतात. उरलेल्या वेळात काय घडलं ते त्यांना आमच्या नोट्समधून कळतं.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार आहेत, त्याच्यावर लक्ष ठेवताना घड्याळ लावून जायचं नसतं. दर १५ मिनिटांनी बघायचं असं ठरलं असेल, तर कधी सातव्या मिनिटाला, कधी तेराव्या, कधी लागोपाठ दोनदा. जोखीम फारच असेल तर एक माणूस सतत हाताच्या अंतरावर. वेळापत्रक माणसाला पाठ झालं की दोन राऊंडमधली मोकळी जागाही त्याला पाठ होते. त्या गृहस्थांनी ती मोजली होती आणि मला ते कौतुक वाटलं होतं. पुढे कितीतरी रात्री मला त्या पिवळ्या उजेडाचीच स्वप्नं पडत.

(ओळख पटू नये म्हणून या पोस्टमधल्या माणसांचे तपशील बदललेत. त्यांची वाक्यं मात्र होती तशीच ठेवलीत.)

नैराश्याचे रुग्ण 'मी उदास आहे' असं क्वचितच म्हणतात. 'काही वाटतच नाही' म्हणतात. 'अंग ओल्या गोणपाटासारखं झालंय' असं एक बाई म्हणाल्या होत्या. नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली असते, पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत हे किती दिवस जाणवलं, याला ० ते ३ गुण, सगळे मिळून २७. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो विचारताना सुरुवातीला माझी जीभ कोरडी पडायची. मी नजर कागदात ठेवून घाईघाईने वाचून टाकायची, म्हणजे 'नाही' हे उत्तर मीच हातात ठेवल्यासारखं. आता मी कागद बाजूला ठेवते, डोळ्यांत बघते आणि सरळ विचारते, "जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं ते ठरवलंय का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट कित्येक जण सुस्कारा सोडतात. कुणीतरी तो शब्द मोठ्याने उच्चारला, याचंच हायसं वाटतं त्यांना.

माझी आणखी एक सवय मोडायला वर्ष गेलं. उत्साहाने खोलीत शिरायचं, पडदा सरकवायचा, 'बघा किती छान ऊन पडलंय!' त्या गृहस्थांनी एकदा शांतपणे सांगितलं, "ऊन दिसतंय मला. छान वाटत नाही, एवढंच." दुसऱ्याचा उत्साह नैराश्यातल्या माणसाला आणखी दोषी ठरवतो. सगळ्यांना जमतंय आणि मलाच जमत नाही, या त्याच्या यादीत आपण आणखी एका ओळीची भर घालतो.

मग करायचं काय? आंघोळ घालायची. हसू नका, खरंच सांगते. 'आंघोळ करणार का?' असं विचारलं की उत्तर 'नको'. कारण निर्णय घेणं हेच सगळ्यात जड झालेलं असतं. त्याऐवजी, "आंघोळीची वेळ झाली. टॉवेल मी घेतलाय. आधी पाय खाली सोडा." मग पुढचं वाक्य. एका वेळी एकच. चप्पल घालायला तीन मिनिटं लागली, तर तीन मिनिटं थांबायचं. आपण वाकून पटकन चप्पल घालून दिली की आपलं काम उरकतं, त्यांचं राहतं.

आणि बसायचं. "मी दहा मिनिटं इथे बसणार आहे. बोललंच पाहिजे असं काही नाही." आणि खरोखर दहा मिनिटं बसायचं. साधारण आठव्या मिनिटाला उठावंसं वाटतं. सलाईन आठवतं, फोन वाजल्याचा भास होतो. तिथेच टिकायचं. हिल्डगार्ड पेपलाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ मध्येच मांडलं होतं की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हीच शुश्रूषेची गाभ्याची गोष्ट आहे. परीक्षेत मी यावर पानभर लिहून चांगले गुण मिळवले होते. प्रत्यक्षात अशा बसण्याच्या चौथ्या दिवशी त्या गृहस्थांनी पहिल्यांदा शांतता मोडली, ती अशी: "ही खुर्ची करकरते. उद्या दुसरी आणा." म्हणजे उद्या मी येणार हे त्यांनी धरलं होतं. मला त्या दिवशी वॉर्डात उड्या माराव्याशा वाटल्या.

नातेवाईक ज्या आठवड्यात हुश्श करतात, त्याच आठवड्यात आम्ही सावध होतो. नैराश्यावरच्या गोळ्यांचा मनावरचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. बऱ्याचदा आधी अंगात बळ येतं आणि मनातला अंधार नंतर हटतो. मधले ते दिवस धोक्याचे. काही न करता अचानक चेहरा निवळला, वस्तू वाटून टाकल्या, सगळ्यांची माफी मागितली, की मी ते 'सुधारणा' म्हणून लिहीत नाही. काय दिसलं ते लिहिते आणि लगेच डॉक्टरांना फोन करते. गोळी दिल्यावर 'जीभ वर करा' असंही सांगावं लागतं, कारण गालात दाबून साठवलेल्या गोळ्या आम्ही उशीच्या अभ्र्यात पाहिल्यात. त्या सांगण्यात पोलिसी सूर येऊ द्यायचा नाही, हे मला अजूनही दर वेळी जमतंच असं नाही.

व्यसनाच्या रुग्णांबद्दल लिहायचं तर आधी कबुली. पाचव्यांदा दाखल होणाऱ्या माणसाचा मलाही राग येतो. हँडओव्हरला 'तो बेवडा परत आला' हे वाक्य मीही उच्चारलंय. मग एका ज्युनिअर मुलीने विचारलं, "साखर वाढून मधुमेहाचा पेशंट पाचव्यांदा आला की आपण असं म्हणतो का?" तिला काय उत्तर देणार! गप्प बसले. तेव्हापासून मी तो शब्द सोडला. राग सुटला असं म्हणणार नाही.

माझ्या आधीच्या सर्जिकल वॉर्डातली गोष्ट. हाड मोडून एक माणूस दाखल. पहिला दिवस ठीक, दुसऱ्या दिवशी हात थरथरतायत, सगळ्यांना वाटलं दुखतंय म्हणून. तिसऱ्या रात्री तो चादरीवरचे नसलेले दोरे वेचायला लागला, भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागला, सलाईन उपटलं. 'अचानक वेडा झाला' म्हणून हात बांधायची तयारी. दाखल होताना त्याला अ‍ॅलर्जी विचारली होती, दारू कुणी विचारली नव्हती. विचारणाऱ्यांत मी होते.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की शरीराचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं असतं. सहा-बारा तासांत कापरं, घाम, मळमळ. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. साधारण ४८ ते ९६ तासांत तो भ्रम, ज्याला आम्ही वॉर्डात 'डीटी' (डिलिरियम ट्रेमेन्स) म्हणतो. उपचार झाला नाही तर यात माणूस दगावतो. त्यामुळे 'दारू पिता का?' हा प्रश्न बिनकामाचा. त्याचं उत्तर 'कधीतरी' असंच येतं. मी विचारते, "शेवटचं कधी घेतलं? किती वाजता?" घड्याळाचा आकडा हवा, कारण पुढचे चार दिवस त्याच्यापासून मोजायचे असतात.

मग दर काही तासांनी दहा गोष्टी तपासायच्या: मळमळ, कापरं, घाम, घालमेल, अस्वस्थ हालचाल, अंगावर काही चालल्यासारखं वाटणं, कानात आवाज, डोळ्यांना काही दिसणं, डोकेदुखी आणि भान. एकूण गुण ६७ पर्यंत जातात आणि त्यावर औषधाचा डोस ठरतो. 'हात पुढे करा, बोटं पसरा.' कापरं दिसत नसेल तर बोटाच्या टोकाला बोट लावून बघायचं, तिथे जाणवतं. ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी थायमिनचं इंजेक्शन, हे आम्ही झोपेतही सांगू. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. ते संपलेल्या मेंदूला नुसती साखर दिली तर डोळ्यांच्या हालचाली बिघडणं, तोल जाणं, गोंधळ असा आजार उफाळू शकतो. कार्ल वेर्निकेने १८८१ मध्ये तो वर्णन केला. वेळीच पुरेसं थायमिन दिलं नाही तर स्मृती कायमची जाऊ शकते.

पण ज्याला मुंग्या दिसतायत त्याच्याशी बोलायचं काय? 'मुंग्या नाहीत' म्हणून वाद घालायचा नाही आणि 'हो, मी मारते त्यांना' असंही म्हणायचं नाही. "मला मुंग्या दिसत नाहीत. तुम्हाला दिसतायत आणि भीती वाटतेय, हे मला कळतंय. तुम्ही दवाखान्यात आहात, मी सिस्टर, आता रात्रीचे दोन वाजलेत." खोलीतला दिवा चालू ठेवायचा, सावल्या कमी होतात. शक्यतो एकाच माणसाने बोलायचं. आणि हे वाक्य रात्रीतून चाळीसदा, चाळिसाव्यांदाही पहिल्याच सुरात.

अफूजन्य पदार्थांचं वेगळं. ते तुटताना हाल अतोनात, पण त्या हालांनी सहसा जीव जात नाही. जीव जातो नंतर. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहन करायची ताकद उतरते, आणि बाहेर पडून जुन्याच मापाने घेतलं की श्वास थांबतो. डिस्चार्जच्या वेळी मी बाकी उपदेश गुंडाळून ठेवते आणि एवढंच सांगते, घरच्यांसमोर, दोनदा.

आता त्या मुलीबद्दल. वीस-बावीस वर्षांची, उजवा पाय हलत नाही. स्कॅन, रक्त, सगळे रिपोर्ट नॉर्मल. आमच्याकडे येईपर्यंत कितीतरी जणांनी तिला 'तुला काही झालेलं नाही' हे चांगल्या मनाने सांगितलं होतं. तिला ऐकू आलं होतं ते वेगळंच. "म्हणजे मी खोटारडी, असंच ना सिस्टर?"

'ढोंग' हा शब्द आमच्या धंद्यात फार सहज तोंडावर येतो. पण हे ढोंग नसतं. ढोंग करणाऱ्याला आपण करतोय हे ठाऊक असतं. हिला हुकूम सोडूनही पाय हलवता येत नव्हता. आमच्या डॉक्टरांनी तिला एक तपासणी करून दाखवली, हूवर नावाच्या डॉक्टरने १९०८ मध्ये सांगितलेली. पाठीवर झोपवून दुबळा पाय पलंगावर दाबायला सांगितलं की दाबता येत नाही. पण दुसरा पाय जोर लावून वर उचलायला सांगितला की दुबळ्या पायाची टाच आपोआप खाली रुतते. हे चोर पकडल्यासारखं करता येतं आणि अगदी वेगळ्या रीतीनेही. डॉक्टरांनी तिचाच हात टाचेखाली ठेवला आणि म्हणाले, "जाणवला जोर? तार शाबूत आहे. निरोप जाताना अडकतोय. तो परत शिकवता येतो." ती कितीतरी वेळ आपल्या टाचेकडे बघत राहिली.

शरीराच्या तक्रारी हेच ज्यांचं दुःख झालंय, अशांच्या शुश्रूषेत एक गोष्ट मला फार उशिरा कळली. बेल वाजली की धावायचं, नाही वाजली की फिरकायचं नाही, असं केलं की आपणच माणसाला शिकवतो: दुखलं तरच कुणी येतं. म्हणून मी तिला वेळा ठरवून दिल्या. दहा, दोन आणि सहा. दुखो न दुखो, मी येणार. बसल्यावर पायाबद्दल थोडं ऐकायचं, मग दुसरं काहीतरी. (हो, इथे मात्र मिनिटाची पक्की राहायचं. एका रुग्णाबाबत जे चुकीचं, तेच दुसऱ्याबाबत औषध. या कामात डोकं असं सतत फिरवावं लागतं.) नवी तक्रार आली तर ती तपासायचीच, अशा रुग्णालाही अपेंडिक्स असतं. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार वर्गीकरणानेही 'वैद्यकीय कारण सापडत नाही' ही अट शारीरिक लक्षणांच्या विकारासाठी काढून टाकली. लक्षणाला कारण सापडो न सापडो, त्याने माणसाचे विचार, काळजी, दिवस किती व्यापलेत ते बघायचं.

तिच्या केसपेपरवर एका स्टाफने लिहिलं होतं, 'लक्ष वेधून घेण्यासाठी करते.' मी त्या स्टाफशी भांडले. अरे, हेतू कुठे दिसतो? काय दिसलं? 'रात्री कूस बदलताना उजवा पाय हलला.' मग एवढंच लिही. ते वाक्य फिजिओथेरपिस्टला उपयोगी पडतं, कारण लक्ष दुसरीकडे असताना पाय चालतो हे त्याला कळतं. 'लक्ष वेधून घेते' कुणाच्याच कामाचं नाही.

हे सगळं येतं म्हणून मी स्वतःला फार शहाणी समजत होते. मग बाबा गेले.

सातव्या-आठव्या दिवसापासून माझ्या घशात काहीतरी आवळायचं. श्वास पुरत नसल्यासारखे लांब सुस्कारे, पोटात पोकळी, हातापायांतलं बळ गेल्यासारखं. अर्धा-पाऊण तास चालायचं आणि ओसरायचं. मी ईसीजी काढून घेतला. थायरॉइड तपासलं. रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट हातात घेऊन जिन्यात उभी असताना मला आठवलं की हेच मी दर वर्षी विद्यार्थिनींना शिकवते. बॉस्टनमध्ये १९४२ साली एका नाईटक्लबला आग लागली, ४९२ माणसं गेली. वाचलेल्यांना आणि मागे राहिलेल्या आप्तांना एरिक लिंडेमन हा मनोविकारतज्ज्ञ भेटला आणि १९४४ मध्ये त्याने शोकाचं वर्णन लिहिलं. लाटांनी येणारा शारीरिक त्रास, वीस मिनिटं ते तासभर, घसा आवळणं, सुस्कारे, पोटात रितेपण. शब्दन् शब्द. फळ्यावर मी तो लिहिला होता, तरी माझ्याच घशात आला तेव्हा ओळखला नाही.

मैत्रिणीने प्रेमाने विचारलं, "आता कुठल्या स्टेजला आहेस?" एलिझाबेथ क्यूब्लर-रॉसने १९६९ मध्ये पाच टप्पे मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना आपण ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे लावतो आणि कुणी एखादी पायरी चुकवली की काळजी करतो. शोकाला मुदत घालायची का, यावर तज्ज्ञांचेही आकडे जुळत नाहीत. लांबलेल्या शोकाच्या निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं वर्गीकरण निदान सहा महिने धरतं, अमेरिकन वर्गीकरण मोठ्यांसाठी वर्ष. वॉर्डात शोक आणि नैराश्य वेगळं ओळखताना मी एवढंच बघते: लाटा आहेत का सपाट पाणी? शोकात मधूनच एखादी आठवण सांगताना माणूस हसतो. नैराश्यात ती आठवणही स्वतःच्या चुकांचा पुरावा होते. दोन्ही एकत्रही असतात, तेव्हा उपचार दोन्हींचे.

बाबांनंतर मी माझ्या कामात एकच बदल केला. ज्यांचं माणूस गेलंय त्यांना मी 'रडू नका' म्हणत नव्हतेच, आता 'मोकळेपणी रडा' असंही म्हणत नाही. गेलेल्याचं नाव विचारते. मग पुढच्या बोलण्यात 'ते', 'तुमचे मिस्टर' न म्हणता ते नाव घेते. लोक ते नाव घ्यायचं टाळतात, माझ्याशी बोलतानाही टाळत होते. नवरा गेलेली एक तरुण बाई, तीन दिवस एक शब्द न बोललेली, नाव विचारल्यावर आधी चिडली. मग म्हणाली, "ओला टॉवेल गादीवर टाकायचा. रोज. सांगून सांगून थकले." आणि पुढचा तासभर ती त्याच्याबद्दल तक्रारीच सांगत होती. नोट्समध्ये मी लिहिलं: 'पतीविषयी एक तास बोलली. दोनदा हसली. एकदा रडली.'

बाबांना जाऊन महिना झाला होता तेव्हाची एक रात्र. आई आतल्या खोलीत. मी पाणी प्यायला उठले आणि सवयीने दारात थांबले. डोळे मिटलेले. श्वास नियमित. पाठ वळवून निघणार, तेवढ्यात थांबले.

"आई, जागी आहेस?"

"हो."

"मी पण."

ती भिंतीकडे सरकली, गादीवर जागा केली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.